दहा खिळे आणि एक चित्र: सोरोबानच्या आकृत्या लाटेकमध्ये काढण्याचे प्रकरण

सोरोबान, म्हणजे जपानी मणीपाटी, शिकवणाऱ्या एका मराठी पुस्तिकेची अक्षरजुळणी माझ्याकडे आली, तेव्हा मजकूर तयार होता, आकृत्याही तयार होत्या, आणि पंधरा दिवसांत काम हातावेगळे होईल असे लेखिकेला सांगून मी मोकळा झालो होतो. पुस्तिका ए-५ आकाराची, ६४ पानांची. आकृत्या दोनशेच्या आसपास, सगळ्या एका चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने मांडलेल्या. लेखिकेने एकदा कोरा सोरोबान काढला होता आणि मग प्रत्येक संख्येसाठी त्याची नक्कल करून त्यातले मणी माउसने वरखाली सरकवले होते. आकृत्या दिसायला देखण्या होत्या. पहिले प्रूफ हातात पडल्यावर मात्र त्यांनी टेबलावर खराखुरा सोरोबान ठेवला, एकेका आकृतीप्रमाणे मणी मांडून पाहिले आणि संध्याकाळी फोन करून म्हणाल्या, “अहो, एकोणिसाव्या पानावर दोनशे अठ्ठ्याहत्तर नाहीत, दोनशे त्र्याहत्तर आहेत.” एककाच्या दांडीवरचा वरचा मणी खाली ओढायचा राहून गेला होता. अशा नऊ चुका त्या एका दिवसात सापडल्या आणि पुढच्या वाचनात आणखी दोन.

या चुकांचा स्वभाव इथे नीट सांगायला हवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून निघाले. शब्दात एक काना सुटला तर बहुतेक वेळा वाचकाला तो खटकतो. शब्द मोडलेला दिसतो. सोरोबानच्या आकृतीत एक मणी चुकला तर काहीच मोडलेले दिसत नाही. मण्यांची प्रत्येक मांडणी ही कोणती ना कोणती संख्या असतेच, त्यामुळे चुकलेली आकृतीही तितकीच नीटनेटकी आणि तितकीच पटण्याजोगी असते. मुद्रितशोधकाच्या डोळ्याला अडकायला तिथे टोक नाही. दोनशे आकृत्या डोळ्यांनी तपासत बसण्यापेक्षा आकृती संख्येवरूनच निघावी, म्हणजे आपण २७८ लिहावे आणि मणी आपोआप जागेवर बसावेत, हे त्या फोननंतर ठरले.

यंत्राची रचना

सोरोबान जपानमध्ये चीनमधून आलेल्या मणीपाटीवरून घडला. चिनी पाटीवर प्रत्येक दांडीवर मधल्या पट्टीच्या वर दोन आणि खाली पाच मणी असतात. जपानमध्ये वरचा एक मणी आधी गळाला, एक वर आणि पाच खाली अशी पाटी बरीच वर्षे चालली, आणि एक वर, चार खाली ही आजची रचना विसाव्या शतकात रूढ झाली. वरच्या मण्याला जपानीत गोदामा म्हणतात, त्याची किंमत पाच. खालच्यांना इचिदामा, त्यांची प्रत्येकी एक. पट्टीला टेकलेला मणी मोजायचा, पट्टीपासून दूर असलेला मोजायचा नाही, एवढाच नियम आहे.

आकृती काढणाऱ्याच्या दृष्टीने या इतिहासात एक मोठी सोय दडलेली आहे. चिनी दांडीवर वरच्या दोन मण्यांच्या तीन अवस्था आणि खालच्या पाचांच्या सहा, मिळून अठरा अवस्था होतात, आणि पाच किंवा दहा एकाहून अधिक प्रकारे मांडता येतात. आजच्या सोरोबानवर वरच्या मण्याच्या दोन आणि खालच्या चार मण्यांच्या पाच अवस्था, म्हणजे बरोबर दहा. एका अंकाला एकच मांडणी आणि एका मांडणीला एकच अंक. संख्येवरून आकृती काढायची तर हे एकास एक नाते असावे लागते, आणि ते यंत्रानेच पुरवलेले आहे.

खालच्या भागाकडे थोडे जवळून पाहू. चार मणी आहेत आणि त्यांना हलायला एका मण्याएवढी मोकळी जागा आहे, म्हणजे एकावर एक पाच खाने आहेत आणि त्यांतला नेमका एक रिकामा आहे. पट्टीपासून मोजत पहिला खाना रिकामा असेल तर अंक शून्य, दुसरा असेल तर एक, पाचवा असेल तर चार. खालचे चार मणी कुठे आहेत हे सांगायचे असेल तर चार गोष्टी सांगाव्या लागत नाहीत; रिकामा खाना कितवा, एवढे पुरते. हे लक्षात यायला मला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत लिहिलेली आज्ञावली मी नंतर पुसून टाकली.

साधनाची निवड

पुस्तिका मराठीत असल्यामुळे देवनागरीची जोडाक्षरे नीट बसवणारी प्रणाली लागणार होती, आणि त्यासाठी लाटेक या आज्ञा लिहून अक्षरजुळणी करण्याच्या प्रणालीचे युनिकोड जाणणारे रूप, म्हणजे झीलाटेक किंवा लुआलाटेक, माझ्या रोजच्या वापरात होतेच. आकृत्यांसाठी तिथे दोन जुने रस्ते आहेत. पीएसट्रिक्स पोस्टस्क्रिप्ट या छापील पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेच्या जोरावर चालते आणि त्याची मूळ वाट पोस्टस्क्रिप्टमधून जाते. टिक्झ मात्र या नव्या प्रणालींबरोबर सरळ चालते. सोरोबान काढण्यासाठी या दोन्हींवर आधारलेली तयार पॅकेजे टेकच्या, म्हणजे लाटेक ज्यावर उभे आहे त्या मूळ प्रणालीच्या, सार्वजनिक संग्रहात आहेत, आणि ज्याला केवळ संख्या दाखवायच्या आहेत त्याने आधी तिकडेच वळावे. आम्हाला देवनागरी अंकांची लेबले हवी होती आणि बेरजेत मणी कसे हलतात हे बाणांनी दाखवायचे होते, म्हणून ही दोन्ही अंगे आपल्या हातात राहावीत या हेतूने मी स्वतःची आज्ञावली टिक्झवर लिहिली.

टिक्झ हे नावच मुळी ‘टिक्झ हे चित्र काढण्याचे सॉफ्टवेअर नव्हे’ अशा अर्थाच्या जर्मन वाक्याचे लघुरूप आहे. गंमत बाजूला ठेवली तरी त्यात आमच्या कामाचे मर्म होते: इथे रेघ ओढायची नसते, रेघ कुठून कुठे जाते ते सांगायचे असते.

मापे अशी धरली. मण्याची उंची ४ मिलिमीटर, रुंदी ७, आणि दोन दांड्यांमधले अंतर ७.६. मधली पट्टी १.६ मिलिमीटर जाड. वरच्या भागात एक मणी आणि एक मोकळा खाना मिळून ८, खालच्या भागात पाच खान्यांचे २०, वर आणि खाली चौकटीचे दोन-दोन मिलिमीटर. एकूण उंची ३३.६. तेरा दांड्यांचा सोरोबान चौकटीसह १०२.८ मिलिमीटर रुंद होतो आणि ए-५ पानावर दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर समास सोडून उरणाऱ्या १०८ मध्ये बसतो. तेवीस दांड्यांचा सोरोबान पुरा दाखवण्याची लेखिकेची इच्छा होती, पण तो या पानावर बसवायचा तर मणी तिळाएवढे झाले असते.

मण्याचा आकार पाहताना टेबलावरचा सोरोबान उपयोगी पडला. ह्योगो प्रांतातील ओनो आणि शिमाने प्रांतातील ओकुइझुमो ही सोरोबान घडवणारी जपानमधली दोन जुनी ठाणी. तिथल्या परंपरेत मणी लाकडाचे आणि दांड्या बांबूच्या असतात, आणि मणी दोन शंकू बुडाशी जोडल्यासारखा, मध्ये धारदार असतो. समोरून तो समभुज चौकोनासारखा वाटतो, पण दांडीच्या भोकापाशी टोके कापलेली असल्यामुळे खरे तर षट्कोन दिसतो. मी आधी चौकोनच काढले होते. चौकोनांची टोके एकमेकांना फक्त बिंदूत टेकत आणि मण्यांची चळत लटपटल्यासारखी दिसे. षट्कोन केल्यावर मणी एकमेकांवर बसले. लागून आलेल्या दोन मण्यांच्या कडा छापताना एकच जाड रेघ होऊ लागल्या, म्हणून काढलेली उंची खान्यापेक्षा किंचित कमी ठेवली.

पट्टी हा उभ्या अक्षाचा शून्यबिंदू धरला. देवनागरी अक्षर शिरोरेघेला लटकते तसे खालचे मणी पट्टीला लटकतात, त्यामुळे सगळी मापे तिथून मोजणे स्वाभाविक होते. खालच्या भागात पट्टीपासून मोजून जे मणी अंकात धरले आहेत ते आपल्याच क्रमांकाच्या खान्यात बसतात आणि उरलेले एक खाना खाली. वरचा मणी अंक पाच किंवा त्याहून मोठा असेल तर पहिल्या खान्यात, नाहीतर दुसऱ्यात.

तीन, चार, आठ आणि नऊ

आज्ञावलीची पहिली आवृत्ती चालली, आणि तीच खरी अडचण ठरली. अंक दिला की वरचा मणी खाली आहे की नाही हे ठरवायला मी अंकाला पाचाने भागत होतो. भागाकार एक आला तर मणी खाली, शून्य आला तर वर. खालच्या मण्यांसाठी त्या भागाकाराची पाचपट मूळ अंकातून वजा करत होतो. पाच, सहा, बारा, सत्तावन्न अशा संख्या घालून पाहिल्या, सगळ्या बरोबर निघाल्या, आणि मी पुढच्या कामाला लागलो. दोन दिवसांनी अडतीस छापून पाहिले तर आकृती पंचावन्न दाखवत होती.

कारण असे. टेकच्या विस्तारित रूपात पूर्णांकांची आकडेमोड करण्याची जी सोय आहे, तिच्यातला भागाकार उरलेली बाकी टाकून देत नाही, तो जवळच्या पूर्णांकाकडे वळतो. तीन भागिले पाच म्हणजे ०.६, तो एक होतो. चार भागिले पाच तर ०.८, तोही एक. आठ आणि नऊ यांचे दोन होतात. त्यामुळे ३ साठी वरचा मणी खाली आला, आणि खालच्या मण्यांची संख्या तीन वजा पाच म्हणजे उणे दोन निघाली, जी आज्ञावलीने निमूटपणे ‘एकही मणी वर नाही’ अशी वाचली. तीन, चार, आठ आणि नऊ हे चारही अंक पाच म्हणून छापले जात होते. शून्य, एक, दोन, पाच, सहा आणि सात यांना या वळणाने काही फरक पडत नाही, आणि मी नेमक्या याच अंकांच्या संख्या तपासल्या होत्या.

दुरुस्ती एका ओळीची होती: भागाकार काढून टाकायचा आणि अंक चारापेक्षा मोठा आहे का एवढेच विचारायचे. पण या प्रसंगाने कामाची पद्धत बदलली. यानंतर कोणताही बदल केला की आधी ० ते ९ या दहा अंकांचे एक पान छापायचे आणि ते खऱ्या सोरोबानशेजारी ठेवून पाहायचे, असा दंडक घातला.

दुसरा अडसर मोठ्या संख्यांचा होता. संख्येचे अंक सुटे करण्यासाठी मी टिक्झच्या गणितयंत्राने तिला दहाने भागत होतो. ते गणित आतून टेकच्या लांबी मोजण्याच्या सोयीवर चालते, आणि टेकमध्ये सर्वांत मोठी लांबी १६,३८४ पॉइंटांच्या किंचित आत संपते. चार अंकी संख्या बिनबोभाट चालल्या. २५,००० घातल्याबरोबर ‘डायमेन्शन टू लार्ज’, म्हणजे माप फार मोठे, हा संदेश आला. तेरा दांड्यांचा सोरोबान आणि सोळा हजारांची मर्यादा! इथे माझ्या विचारातच चूक होती. सोरोबानला संख्या ठाऊक नसते, त्याला फक्त ओळीने लावलेले अंक ठाऊक असतात. मग मी संख्येला संख्या मानणे सोडले आणि ती अक्षरांची ओळ म्हणून वाचू लागलो: डावीकडून एक अक्षर उचलायचे, त्याची दांडी काढायची, पुढचे उचलायचे. मर्यादा तिथेच संपली.

अक्षरे म्हटल्यावर देवनागरी अंक आलेच. लेखिका स्वाभाविकपणे २७८ असेच लिहीत होत्या, आणि टेकला संख्या म्हणून फक्त रोमन लिपीबरोबर वापरले जाणारे अंक कळतात. ५ हे अक्षर त्याच्या हिशेबात अंकच नसल्याने ‘मिसिंग नंबर, ट्रीटेड ॲज झिरो’ असा संदेश येतो, म्हणजे संख्या सापडली नाही, शून्य धरले. संदेशांवर न थांबता संगणन, म्हणजे आज्ञांवरून पाने तयार करण्याचे काम, पुढे चालू ठेवण्याची सवय असेल, आणि घाईत ती सगळ्यांना असते, तर हाती येते ती एक निर्दोष दिसणारी पीडीएफ, जिच्यातले सगळे सोरोबान शून्यावर आहेत. एका रात्री तशी ६४ पाने माझ्याकडून लेखिकेला गेलीही. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: “सगळे मणी झोपले आहेत.”

उपाय युनिकोडमध्ये होता. देवनागरीतल्या ० या चिन्हाचा क्रमांक २४०६ आहे आणि ९ चा २४१५. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. अक्षर साध्या अंकांपैकी असेल तर ४८ वजा करायचे. या दोन्ही पट्ट्यांबाहेरचे काही आले तर शून्य न धरता संगणन थांबवून ओरडायचे, ही अट मुद्दाम घातली. स्वल्पविराम मात्र गुपचूप गाळायचा, कारण २५,००० असे लिहिण्यात लेखिकेची चूक नाही.

खिळे

अंक ओळीने वाचायला लागल्यावर एक गोष्ट उशिरा, पण लख्ख दिसली. दांडीची प्रत्येक आकृती दहांपैकी एक असते. तेरा दांड्यांच्या एका आकृतीत ६५ मणी, आणि मी दर आकृतीला ते ६५ षट्कोन नव्याने मोजून काढत होतो. दोनशे आकृत्यांचे संगणन चहा करून येण्याइतका वेळ घेत होते. जुन्या छापखान्यात जुळाऱ्याने प्रत्येक ‘क’ नव्याने कोरला असता तर जे झाले असते तेच हे. त्याच्याकडे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे तयार ठसे, असत. मीही दहा दांड्यांचे दहा खिळे केले: ० ते ९ या अंकांच्या दांड्या दस्तऐवजाच्या सुरुवातीला एकदाच काढून दहा पेट्यांमध्ये भरून ठेवल्या, आणि संख्या आली की त्या पेट्यांच्या नकला शेजारी शेजारी मांडल्या. संगणन काही सेकंदांवर आले.

त्याहून मोठा लाभ मुद्रितशोधनाचा झाला. दोनशे आकृत्या तपासण्याऐवजी दहा खिळे तपासले की काम संपत होते. खिळे बरोबर असतील आणि खाली दिलेली संख्या बरोबर असेल तर आकृती चुकायला जागाच राहत नाही.

खिळ्यांनी त्यांच्या दोन खोडीही सोबत आणल्या. पहिली प्रत्येक टेक वापरणाऱ्याच्या ओळखीची आहे: आज्ञावलीतली ओळ संपते तिथे टक्केवारीचे चिन्ह घालायचे राहिले, त्यामुळे प्रत्येक दांडीनंतर एक शब्दाचे अंतर पडले आणि तेरावी दांडी चौकटीबाहेर जाऊन उभी राहिली. दुसरी सूक्ष्म होती. मी प्रत्येक खिळ्यात मधल्या पट्टीचा ७.६ मिलिमीटरांचा तुकडाही घातला होता, म्हणजे तुकडे जोडून पट्टी तयार होईल. छापील कागदावर ती सलग दिसे, पण पडद्यावर दोन तुकड्यांच्या सांध्यात केसाएवढी पांढरी रेघ चमके. म्हणून पट्टी आणि चौकट खिळ्यांतून काढली आणि मांडणी झाल्यावर एकदाच, सलग, काढू लागलो.

पट्टीवरचे बिंदूही पट्टीबरोबरच गेले. सोरोबानवर दर तिसऱ्या दांडीला पट्टीवर एक ठिपका असतो आणि त्यावरून एककाची दांडी निवडली जाते. तेरा दांड्यांत मधली सातवी, आणि ठिपके पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दांडीवर. आम्ही दहावी दांडी एककाची धरली, म्हणजे उजवीकडे तीन दशांश स्थळे उरतात. ठिपके खिळ्यात असते तर दहाऐवजी वीस खिळे करावे लागले असते.

या ठिपक्यांवरून लेखिकेशी माझा एकमेव खरा मतभेद झाला. मराठीत आपण हजारांनंतर दोन-दोन अंकांनी लाख आणि कोटी म्हणत वाचतो, आणि एककावरच्या ठिपक्यापासून डावीकडे जाताना ठिपके येतात हजारावर, दहा लाखांवर आणि अब्जावर. लाख आणि कोटी ठिपक्याशिवाय राहतात. त्यांनी सुचवले की वाचकाच्या सोयीसाठी आकृतीत ठिपके लाख आणि कोटीवर द्यावेत. मला ते पटले नाही. ठिपके जपानी वाचनालाही जुळत नाहीत, कारण जपानीत संख्या चार-चार अंकांनी वाचतात: दहा हजारांचा मान, दहा कोटींचा ओकु. तरीही वस्तूवर ते तिसऱ्या दांडीलाच असतात, आणि शिकणाऱ्याच्या हातातला सोरोबान आकृतीसारखा नसेल तर आकृतीचा उपयोग काय? शेवटी ठिपके जागेवर राहिले आणि दांड्यांखाली ए, द, श, ह, दह, ल, दल, को अशी अक्षरे बारीक ठशात दिली.

मोजलेले मणी काळे आणि न मोजलेले पांढरे करण्याची कल्पनाही अशीच मागे घेतली. पहिल्या बारा पानांत तसे केले होते आणि ते फार वाचनीय दिसत होते. अतिवाचनीय म्हणायला हरकत नाही. नवशिका वाचक जागा न पाहता काळा रंग मोजू लागतो, आणि खऱ्या सोरोबानवर सहसा सगळे मणी एकाच रंगाचे असतात. सगळे मणी पांढरे ठेवले आणि मोकळा खाना पुरा एका मण्याएवढा ठेवला, म्हणजे डोळ्याला रंगाऐवजी फट दिसते.

हालचाल

बेरजेची पाने आली तेव्हा खिळ्यांची युक्ती संपली. संख्या दाखवणे ही जुळणी आहे. मणी हलताना दाखवणे हे चित्र आहे. हे दोन वेगळे व्यवहार आहेत हे मी सुरुवातीला मानले नव्हते आणि एकाच आज्ञेत दोन्ही कोंबले होते, त्यामुळे ती आज्ञा सतरा पर्याय घेणारी आणि कोणालाच न समजणारी झाली होती. तिचे दोन भाग केले. दुसऱ्या आज्ञेला दोन अंक द्यायचे, आधीचा आणि नंतरचा, आणि कोणते मणी हलले ते तिने शोधायचे.

उदाहरण सहा अधिक सातचे घेऊ. सहा म्हणजे वरचा मणी खाली आणि खालचा एक वर. सात मिळवायला दांडीवर सात मण्यांएवढी जागा नाही, म्हणून दहा मिळवून तीन कमी करायचे; पण तीन कमी करायला खालचा एकच मणी वर आहे, म्हणून पाच काढून दोन घालायचे. अंगठ्याने खालचे दोन मणी वर, तर्जनीने वरचा मणी वर, मग दशकाच्या दांडीवर अंगठ्याने एक मणी वर. सोरोबानवर अंगठा फक्त खालचे मणी वर नेतो, बाकी सगळे तर्जनी करते, म्हणून बाणांशेजारी ‘अं’ आणि ‘त’ ही अक्षरे दिली. मधल्या अवस्था क्रमाने ८, ३ आणि शेवटी १३. वाचकाला यातले आठ फार गोंधळात टाकते, कारण बेरजेत आठ कुठेच नाहीत. त्या अवस्थेला आम्ही खाली संख्या छापली नाही.

पहिल्या आवृत्तीत हललेल्या प्रत्येक मण्याची जुनी जागा तुटक रेघेने आणि नवी जागा सलग रेघेने दाखवत होतो. दोन मणी हलले की तुटक आणि सलग षट्कोन एकमेकांवर चढत आणि आकृतीचे जाळे होई. पुन्हा ते खानेच उपयोगी पडले. खालचा एक वर असलेल्या दांडीवर दुसरा खाना रिकामा असतो. आणखी दोन मणी वर गेले की चौथा रिकामा होतो. मधले खाने आधीही भरलेले होते आणि नंतरही भरलेले आहेत, फक्त मणी बदलले. म्हणजे कितीही मणी हलले तरी दाखवण्याजोगा बदल दोनच ठिकाणी: जो भरला तो खाना आणि जो रिकामा झाला तो. तुटक षट्कोन एकच, रिकाम्या झालेल्या खान्यात. आणि पूर्ण गटासाठी एका खान्याच्या लांबीचा, चार मिलिमीटरांचा, एकच बाण, कारण प्रत्येक मणी नेहमी एकाच खान्याएवढा हलतो. आकृती एकदम निवळली.

इथेही तपासणीला अंत होता. एका दांडीवर दहांपैकी कोणत्याही अंकावरून कोणत्याही अंकावर जाण्याचे शंभर प्रकार, त्यांतले दहा न हलण्याचे. उरलेल्या नव्वदांचे चार पानांचे परिशिष्ट छापून लेखिकेने एका दुपारी सोरोबानवर पडताळले. त्यात एकच चूक निघाली, आणि ती बाणाच्या टोकाच्या दिशेची होती.

एक आकृती मात्र दोन्ही आज्ञांत बसली नाही. योशिदा मित्सुयोशी यांच्या १६२७ च्या ‘जिंकोकी’ या गणितग्रंथात सोरोबानच्या आकृत्या आहेत, लाकडी ठशांवरून छापलेल्या, म्हणजे हा आमचा खटाटोप चारशे वर्षे जुना आहे. आमच्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत पाच खालच्या मण्यांचा जुना सोरोबान दाखवायचा होता. खालच्या मण्यांची संख्या बदलता येईल अशी सोय केली, पण तिथे पाच हा अंक दोन प्रकारे मांडता येतो आणि आज्ञेला कोणता हवा ते कळत नाही. ती एक आकृती मी संख्येऐवजी थेट मण्यांच्या जागा देऊन काढली, आणि त्यात वरचा मणी एकदा चुकवलाही.

शेवटचे पान ९९९ अधिक १ चे होते. एककाचे नऊ पुसायचे, दशकाचे पुसायचे, शतकाचे पुसायचे, आणि हजाराच्या दांडीवर एक मणी वर. सुरुवातीची आकृती आदल्या पानाच्या तळाशी होती आणि या पानावर चार अवस्था एकाखाली एक लावल्या, ठिपके एका ओळीत येतील अशा: ९९०, ९००, ०००, १०००. चार आकृत्यांचे १३४.४ मिलिमीटर, आणि खालच्या ओळींपुरती जागा उरली. अंतिम प्रूफ परत आले तेव्हा तिसऱ्या आकृतीभोवती लाल गोल होता आणि समासात लेखिकेच्या अक्षरात लिहिले होते, “मणी पुन्हा झोपले?” आकृती बरोबर होती, त्या क्षणी तिन्ही दांड्या खरोखरच शून्यावर असतात. तरी तिच्याखाली एक ओळ घातली: ‘या टप्प्यावर सोरोबान पूर्ण रिकामा असतो, अंगठा हजाराच्या दांडीकडे निघालेला आहे.’